मानाची जागा आणि बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरात माहीत आहे. १४ एप्रिल १८९१ आणि ६ डिसेंबर १९५६ या तारखा तर आपली लेकरं झोपेतून उठवलं तरी सांगतील. म्हणून स्मरणिकेसाठी लेख लिहायला बसलो तेव्हा पुन्हा तेच सगळे लिहायचे का, असा प्रश्न पडला. मग ठरवले की त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट धरून चालायचे. ती गोष्ट म्हणजे बसायची जागा. शाळेचा वर्ग, कचेरी, प्राध्यापकांची खोली, मंत्रिमंडळ ही सगळी दहा-वीस-पन्नास माणसांचीच जागा. तिथे बाबासाहेब गेले तेव्हा त्यांना कुठे बसवले, त्यांना मान कोणी दिला, कोणी नाकारला आणि का, एवढेच बघू या.

पहिली जागा साताऱ्याच्या शाळेतली. वडील रामजीबाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरात शिस्त, वाचन, पाठांतर. भीमराव वर्गात हुशार. पण त्यांची जागा वर्गाच्या कोपऱ्यात, एका गोणपाटाच्या तुकड्यावर. ते गोणपाटही शाळेचे नव्हे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही, म्हणून भीमराव ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. आता बघा, तो शिपाई काही मोठा माणूस नव्हता. त्याला महिन्याला किती मिळत असतील? पण सुभेदाराच्या मुलाने पाणी प्यायचे की तहानलेले राहायचे हे तो ठरवत होता.

साताऱ्यात न्हावीही पुष्कळ होते आणि रामजीबाबांच्या घरी केस कापायचे पैसे द्यायची ऐपत होती. तरी एकही न्हावी यायला तयार नसे. मग बहिणीच भावांचे केस कापायच्या. ही न्हाव्याची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

१९०१ साली एक प्रसंग घडला. रामजीबाबा तेव्हा कोरेगावला नोकरीला होते. सुट्टीत मुलांना तिकडे बोलावले. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. पोरांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने जवळ आला, विचारपूस करू लागला. त्याला ती ब्राह्मणाची मुले वाटली होती. पोरांनी सरळ खरे सांगून टाकले. मास्तरचा चेहरा बदलला, तो पाच पावले मागे सरला. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देतो म्हटले तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला, तोही एका अटीवर : पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार. कपडे तेच, पोरं तीच, हातातले पैसेही तेच. एका शब्दाने त्यांची पत बदलली. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर हे कोरले गेले ते कायमचे.

मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले. वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्याच्या मागे बाकीच्या मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. पोरांनी धावत जाऊन आधी डबे उचलले, मग भीमराव फळ्याजवळ गेले. गणित सुटले ते वेगळे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार झाला. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे आपल्याला सांगायला नको.

पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर झाले. आता विचार करा. नेमणूक खुद्द महाराजांची, शिक्षण अख्ख्या कचेरीत कोणाचे नसेल एवढे. तरी शिपाई फायली लांबूनच टेबलावर फेकायचे. अधिकाऱ्यांच्या क्लबात गेले तरी कोपऱ्यात बसायचे. महाराजांचा हुकूम नेमणूक करू शकत होता, पण त्या खोलीतल्या माणसांच्या मनातली उतरंड त्या हुकुमाने हलत नव्हती.

राहायला घर मिळेना. एका पारशी उतारवाड्यात पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली दहा-बारा पारशी माणसे दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली कर म्हणाली. गावात ओळखीचे दोघे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने नाही म्हणण्याचे कारण काय दिले? तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो, आणि त्याचा अर्थ बाबासाहेबांना समजला. मित्राची स्वतःची इच्छा नव्हती असे म्हणता येणार नाही. पण घरातल्या नोकरांपुढे त्याचे काही चालत नव्हते. पाच तास कामाठी बागेत झाडाखाली बसून बाबासाहेबांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. आपल्या अशा आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या होत्या, त्यांची छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली काढली. ज्यांच्या घरात शिकलेली मुले आहेत त्यांनी ती जरूर मिळवून वाचावी.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटले, हा काय शिकवणार. थोड्याच दिवसांत त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुले येऊन बसू लागली. म्हणजे वर्गात विद्येचे वजन पडले. पण शेजारच्या खोलीत, जिथे प्राध्यापक बसत, तिथे पाण्याचे भांडे होते. त्यातले पाणी बाबासाहेबांनी पिऊ नये अशी हरकत काही प्राध्यापकांनी घेतली. एकाच इमारतीत, एकाच दिवशी, एका खोलीत त्यांचा मान वाढत होता आणि दुसऱ्या खोलीत त्यांना पाणी नव्हते. वर्गात मुले शिकायला आलेली होती, त्यांना विद्येशी काम होते. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र आपण कोणाच्या पंक्तीला बसतो, लोक काय म्हणतील, हा हिशेब होता.

ही गोष्ट बाबासाहेबांना पुरती कळली होती आणि तिचा उपयोगही त्यांनी करून घेतला. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा अध्यक्ष म्हणून सर चिमणलाल सेटलवाडांचे नाव घातले आणि कार्यकारी मंडळाची धुरा स्वतःकडे ठेवली. सरकारदरबारी कागद वाचला जायचा तर वर वजनदार नाव हवे, हा व्यवहार. आजही काही जण विचारतात, वरच्या वर्गातली माणसे कशाला घेतली? मला त्यात काही गैर वाटत नाही. तीन वर्षांत, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर कोणाच्या नावाच्या आधाराची गरज उरली नाही. हजारो माणसे त्यांच्या मागे तळ्यावर गेली.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. खानदेशातले काम उरकून परत जाताना चाळीसगावला उतरले. स्टेशनावर आपली माणसे जमली होती. त्यांनी आग्रह केला, आजची रात्र आमच्याकडे राहा. बाबासाहेब थांबले. महारवाडा स्टेशनापासून पायी जाण्यासारखा होता, बाबासाहेब चालतही गेले असते. पण आपला एवढा मोठा माणूस, बॅरिस्टर, त्याला पायी कसे न्यायचे? वस्तीच्या इज्जतीचा प्रश्न होता. टांगा आणायला माणसे गेली आणि तासभर उलटला. एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. शेवटी तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला येणार नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने जन्मात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या छोट्या पुलावर चाक दगडांत अडकले, घोडा आणि टांगा नदीत गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. वस्तीतून बाया-माणसांचा, लेकरांचा आक्रोश उठला.

तेव्हा त्यांना कोणी खरे कारण सांगितले नव्हते. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून. नंतर चौकशी केल्यावर कळले. दिवसभर घोड्याची लीद काढणारा तो टांगेवाला विलायतेहून शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजत होता. आणि तो समजत होता एवढेच नाही, स्टेशनाबाहेरच्या बाकीच्या टांगेवाल्यांतही त्याला तसेच वागावे लागत होते. एकाने महाराला बसवले असते तर संध्याकाळी त्याच्या चिलमीला कोणी हात लावला नसता. दुसऱ्या बाजूला आपली माणसे बघा. त्यांनी बाबासाहेबांवरच्या प्रेमापोटीच केले. पण पाहुणा पायी आला तर चारचौघांत आपली शोभा होईल, ही भीती त्यांच्याही मनात होती. मान टिकवायला गेले आणि ज्याच्यासाठी मान, त्याच्याच जिवावर बेतले. बाबासाहेबांनी त्या माणसांना दोष दिला नाही. पण ही हकीकत लिहिताना वस्तीच्या इज्जतीचा हा भाग त्यांनी गाळलाही नाही.

आपल्या मराठवाड्यातलाही एक प्रसंग त्या आठवणींत आहे. १९३४ साली तीसेक कार्यकर्त्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा, आपल्या हिंगोलीसकट. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर प्रवासाची धूळ धुवायला सगळ्यांनी हातपाय धुतले, तर एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, मारामारीवर यायची वेळ आली. शेवटी किल्ला बघायला सोडले, पण बरोबर हत्यारी शिपाई दिला. कशासाठी? आत कुठे यांनी पाण्याला हात लावू नये यासाठी. म्हणजे धर्म बदलला की ही उतरंड आपोआप जाते असे नाही, हे त्यांना तिथे उघड दिसले. पुढच्याच वर्षी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मग एकवीस वर्षे विचार केला. एवढी वर्षे का लागली असे विचारणाऱ्यांनी दौलताबादचा हौद आठवावा.

हे असे का होते, याचा उलगडा बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या भाषणात केला. ते भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिले होते, पण मंडळाने त्यातले विचार पचणार नाहीत म्हणून संमेलनच रद्द केले. मग ते त्यांनी स्वखर्चाने छापले. त्यातला मुद्दा आपल्या भाषेत सांगायचा तर असा : ही उतरंड दोन पायऱ्यांची नाही, पुष्कळ पायऱ्यांची आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पायाखालीही कोणीतरी आहे. त्यामुळे वरच्याचा राग आला तरी कोणी उतरंड मोडायला निघत नाही, कारण आपल्या पायाखालची पायरीही जाईल. साताऱ्याचा न्हावी, मसूरचा गाडीवान, बडोद्याच्या मित्राचे नोकर, चाळीसगावचा टांगेवाला, ही सगळी माणसे स्वतः दबलेलीच होती. पण तेवढा एकच मान त्यांच्या गाठीला होता आणि तो ते जिवापाड जपत होते.

मोठ्या जागी गेल्यावर हे संपले का? २९ ऑगस्ट १९४७ ला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष. सातांत नामांकित कायदेपंडित होते. कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी दूर राहिले, कोणी आजारी. मसुद्याचा भार बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारींनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितले. काम मिळाले तिथे त्यांनी अशी छाप पाडली. पण त्याच काळात ते ज्या मंत्रिमंडळात कायदामंत्री होते तिथे खरे निर्णय छोट्या-छोट्या उपसमित्यांत व्हायचे. परराष्ट्र व्यवहाराच्या समितीत त्यांना घेतले नाही, संरक्षणाच्या नाही. आर्थिक व्यवहारांची समिती झाली तेव्हा तरी, अर्थशास्त्रात डॉक्टर झालेल्या माणसाला घेतील, अशी अपेक्षा होती. तिथेही वगळले. १९५१ साली हिंदू कोड बिल रखडल्यावर राजीनामा दिला तेव्हा त्यांनी ही कारणेही मांडली. बाहेरून बघणाऱ्याला खुर्ची दिसते. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला विचारले जाते की नाही, हे आत बसलेल्यालाच कळते.

आणि मग दुखरी गोष्ट. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत त्यांनी आपल्याच शिकलेल्या लोकांबद्दल खंत बोलून दाखवली. शिकून ही मंडळी समाजाच्या कामी येतील असे वाटले होते, पण ती आपापले पोट भरण्यात गुंतली, असा त्याचा मथितार्थ. मराठवाड्याच्या पोरांसाठी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय त्यांनी काढले ते याच आशेने. आपल्या हिंगोली, कळमनुरी, वसमतकडचीही पोरं नागसेनवनात शिकली, साहेब झाली. त्यातल्या कित्येकांनी गावाचे पांग फेडले. काहींना मात्र गावी आल्यावर सतरंजीवर बसणे जड जाऊ लागले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी कुशीनाराच्या वयोवृद्ध भदंत चंद्रमणी महास्थविरांसमोर हात जोडून त्रिसरण-पंचशील घेतले आणि नंतर लाखोंना स्वतः दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांमध्ये सगळी माणसे समान मानण्याची आणि समता आणण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे, ती आपण तोंडपाठ म्हणतो. पण धम्मच का निवडला, याचे एक उत्तर त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालीच्या कथेत आहे असे मला वाटते.

उपाली शाक्यांचा न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भृगू, किंबिल आणि देवदत्त हे शाक्यकुमार घर सोडून निघाले, तेव्हा सोबत उपाली होता. सीमेवर त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून त्याला दिले आणि परत जा म्हणाले. उपालीला वाटले, हे घेऊन गेलो तर शाक्य मला जिवंत ठेवणार नाहीत. दागिने झाडाला टांगून तो मागोमाग गेला. तथागतांपुढे गेल्यावर कुमारांनीच विनंती केली की आम्ही शाक्य फार ताठ्याचे, म्हणून आधी याला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल. तसे झाले. साताऱ्यात ज्या धंद्याचा माणूस भीमरावांच्या डोक्याला हात लावत नव्हता, त्याच धंद्याच्या माणसापुढे इथे राजकुळातली डोकी वाकली.

ही एका दिवसाची हौस नव्हती. विनयात गोष्ट येते की पहिले आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा कोणाला, असे बुद्धांनी विचारले. कोणी म्हणाले क्षत्रियाला, कोणी ब्राह्मणाला, कोणी विद्वानाला. तेव्हा त्यांनी हत्ती, माकड आणि तित्तिर पक्ष्याची गोष्ट सांगितली. वडाचे झाड आपल्यापैकी कोणी लहान असताना पाहिले? हत्ती म्हणाला, माझ्या पोटाला शेंडा लागायचा. माकड म्हणाले, मी जमिनीवर बसून शेंडा खायचो. तित्तिर म्हणाला, मी खाल्लेल्या फळाच्या बीपासूनच ते उगवले. मग हत्तीने आणि माकडाने त्या मूठभर पाखराला वडील मानले. तेव्हापासून संघात मान उपसंपदेच्या वर्षांवर, कुळावर नाही. पहिले पाणी कोणाला, हा प्रश्न सिडनहॅम कॉलेजातही होता.

आपल्या विहारात कोणाला पाण्याची बंदी नाही, हे खरे. पण वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत खुर्च्या मांडल्या जातात. तिथे नोकरदार बसतात, मोठी वर्गणी देणारे बसतात. मोंढ्यात हमाली करणारा मागे उभा राहतो. रोज विहार झाडणाऱ्या, दर पौर्णिमेला खीर करणाऱ्या आपल्या आया-बहिणी समितीच्या बैठकीत किती असतात, हे ज्याचे त्याने मोजावे. मीही खुर्चीवर बसणाऱ्यांतलाच आहे, म्हणून हे लिहायला मला दुसऱ्यापेक्षा जास्त जड गेले.

वर्षावासात ग्रंथवाचन चालते आणि उपालीचे प्रकरण येते, तेव्हा वाचायला बहुतेक वेळा एखाद्या गुरुजींनाच बोलावतात. यंदा ते प्रकरण मागच्या रांगेतल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे. अक्षर लावत वाचले तरी चालेल. आणि त्या दिवशी खुर्च्या काढून सगळ्यांनी सतरंजीवर बसावे, अशी सूचना मी समितीपुढे लेखी ठेवली आहे.